वाचक विचारतात: अमेरिकेतलं स्कूल डिस्ट्रिक्ट, पत्ता आणि आपली मुलं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की अमेरिकेतल्या सरकारी शाळांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि प्रश्नांचा ढीगच जमला. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून काही एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. सुरुवातीला एकच सांगते, तिथे शाळा ना वॉशिंग्टन चालवतं ना बहुतेक ठिकाणी शहराची पालिका. शाळा चालवतं स्कूल डिस्ट्रिक्ट, ज्याचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड असतं, स्वतःचं बजेट असतं, आणि अशी देशभरात १३ हजारांच्या आसपास डिस्ट्रिक्ट्स आहेत. त्यावर राज्याचे कायदे वेगळे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मैत्रिणीने सांगितलेलं टेक्ससमध्ये लागू होईलच असं नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं उत्तर तर अजिबात धरून चालू नका. डिस्ट्रिक्टला मेल करा, लेखी उत्तर घ्या. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न: ताई, आम्ही जूनमध्ये कॅलिफोर्नियात, बे एरियात शिफ्ट होतोय. एक भाड्याचं घर आवडलंय, पत्ता सॅन होजेचा आहे पण एजंट म्हणतो शाळा क्युपर्टिनोची मिळेल आणि पुढे हायस्कूल फ्रिमॉन्टचं. फ्रिमॉन्ट तर नकाशात खाडीच्या पलीकडे दिसतंय! मुलगा रोज तिकडे जाणार का? एजंट काहीतरी गुंडाळतोय असं वाटतंय.

उत्तर: नाही हो, एजंट बरोबर सांगत असू शकतो. टपालाचा पत्ता आणि शाळेची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन आलेल्या प्रत्येक कुटुंबाचा इथेच गोंधळ होतो. क्युपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये क्युपर्टिनो तर आहेच पण सॅन होजे आणि सनीव्हेलचेही काही भाग येतात, आणि हे डिस्ट्रिक्ट फक्त आठवीपर्यंत आहे. नववी ते बारावी वेगळं डिस्ट्रिक्ट, त्याचं नाव फ्रिमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट. त्याचा खाडीपलीकडच्या फ्रिमॉन्ट शहराशी काही संबंध नाही, त्या शहराचं फ्रिमॉन्ट युनिफाइड म्हणून स्वतःचं निराळं डिस्ट्रिक्ट आहे. फ्रिमॉन्ट युनियनची पाच मोठी हायस्कूलं आहेत, मॉन्टा व्हिस्टा, लिनब्रुक, होमस्टेड, क्युपर्टिनो हाय आणि फ्रिमॉन्ट हाय, त्यातलं लिनब्रुक सॅन होजेत आहे आणि फ्रिमॉन्ट हाय सनीव्हेलमध्ये. म्हणजे तुमच्या मुलाला दोन डिस्ट्रिक्ट लागणार आणि दोन्हींच्या हद्दी वेगवेगळ्या तपासायला लागणार.

हे फक्त कॅलिफोर्नियात नाही. शिकागोजवळच्या नेपरविलमध्ये एकाच शहरात मुख्यतः दोन डिस्ट्रिक्ट्स आहेत, २०३ आणि २०४ नंबरची, आणि २०४ मध्ये शेजारच्या ऑरोराचाही मोठा भाग येतो. घराच्या जाहिरातीत "नेपरविल स्कूल्स" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

आता करायचं काय, तर लीजवर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर स्कूल लोकेटर असतो त्यात घर नंबर आणि रस्ता टाकून बघा. मग एनरोलमेंट ऑफिसला मेल करा की या पत्त्याला कुठली शाळा लागते आणि त्या इयत्तेत जागा आहे का. जागा आहे का हे विचारायला लोक विसरतात. शाळा तुमच्या हद्दीतली असली तरी वर्ग भरलेला असेल तर मुलाला त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत पाठवू शकतात. लीज, विजेचं बिल, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद एवढं हाताशी ठेवा. भारतातून येत असाल तर तिथल्या डॉक्टरकडून लसींच्या तारखा इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यासकट आणा कारण कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीच्या डोसवरून खूप मुलांचं अॅडमिशन अडकतं.

आणि एक कळकळीने सांगते, नातेवाईकाचा किंवा मित्राचा पत्ता देऊ नका. तुम्ही सही करता तो कायदेशीर जबाब असतो, डिस्ट्रिक्ट तपासतं, आणि वर्षाच्या मध्येच मुलाला शाळेतून काढलं तर त्याच्या मनाचं काय होईल याचा विचार करा.

हद्दी कायमच्या नसतात हेही लक्षात ठेवा. टेक्ससमधल्या प्लेनो आयएसडीसारख्या (आयएसडी म्हणजे तिथलं स्कूल डिस्ट्रिक्टच) नावाजलेल्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने मुलांची संख्या घटली म्हणून २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचा निर्णय घेतला, क्युपर्टिनोतही काही एलिमेंटरी शाळा याच कारणाने बंद झाल्या. शाळेच्या दारात घर घेतलं म्हणजे दहा वर्षं निश्चिंत, असं नाही.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तिसरीत आहे, शाळेत रमलीय, टीचर छान आहेत. पण वेबसाइटवर शाळेचं रेटिंग १० पैकी ७ आहे आणि मिस्टरांचं म्हणणं की १० वाल्या डिस्ट्रिक्टमध्ये जाऊ. भाडं खूप वाढेल, त्यांचा प्रवासही वाढेल. मुलीचं नुकसान तर होत नाहीये ना ७ मध्ये?

उत्तर: माझं स्पष्ट मत, एवढ्यासाठी घर बदलू नका.

तो आकडा येतो कुठून ते बघा. बहुतांश वजन राज्याच्या परीक्षेतल्या मार्कांना असतं, आणि ते मार्क घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण आणि बाहेरची शिकवणी यांच्याशी घट्ट बांधलेले असतात. ज्या उपनगरात सगळे आईवडील इंजिनिअर आणि डॉक्टर आहेत तिथली शाळा १० दाखवणारच, त्यात शिक्षकांनी काय शिकवलं आणि घरातून काय आलं हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. वर पैशाचा प्रश्न आहे. शाळेचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे महाग घरं तिथे शाळेला जास्त पैसा. सॅन अँटोनिओच्या एजवुड भागातले पालक याच विषमतेविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हरले, कोर्ट म्हणालं की अमेरिकेच्या राज्यघटनेत समान शाळाखर्चाचा हक्क नाही. त्यानंतर ही लढाई राज्याराज्यांच्या कोर्टात गेली. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने मात्र गरीब डिस्ट्रिक्ट्सना राज्याकडून जास्त पैसा मिळायलाच हवा असे निकाल दिले. म्हणजे तो ७ आणि तो १० यात मोठा भाग घरांच्या किमतींचा आहे, तुमच्या मुलीच्या डोक्याचा नाही आणि तिच्या टीचरचाही नाही.

आणि १० च्या डिस्ट्रिक्टमध्ये सगळं आलबेल असतं असंही नाही. तुमच्याच राज्यातलं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो घ्या, खूप नाव असलेलं, आशियाई वंशाची मुलं बहुसंख्य, आपलीही पुष्कळ. तिथल्या सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, २०१५ मध्ये पालकांना मोठं पत्र लिहिलं होतं की मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय. त्यानंतर हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री होमवर्क नाही असं ठरवलं, आणि पालकांमध्ये उभी फूट पडली, आशियाई पालकांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की दर्जा खाली आणतायत. त्या वादात दोन्ही बाजूंना मुलांची काळजीच होती हे मी मानते, पण मुलांना झोप पुरत नाही, सल्लागाराकडे रांग लागते, तेव्हा आधी मुलांचं ऐकायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

मिस्टरांना म्हणावं, हे विचारून या: वर्गात मुलं किती, गेल्या दोनतीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, लायब्ररीत पूर्णवेळ माणूस आहे का, रिसेस किती वेळ, गणिताचे वरचे-खालचे गट कुठल्या इयत्तेत पाडतात आणि नंतर गट बदलता येतो का. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण काही ठिकाणी सहावीत ज्या गटात पडलात त्यावर बारावीला कॅल्क्युलस मिळणार की नाही ते ठरतं आणि पालकांना ते कळतं दहावीत. उत्तरं समाधानकारक असतील तर तो ७ विसरून जा.

प्रश्न: फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता असं विचारलंय. ग्रुपवर सगळ्या म्हणतात इंग्लिश लिही नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये (इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांसाठीच्या इंग्रजीच्या तासात) टाकतील आणि तो मागे पडेल. आम्ही घरी फक्त मराठी बोलतो. काय लिहू?

उत्तर: मराठी लिहा. खरं तेच लिहा.

हा होम लँग्वेज सर्व्हे आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं, शाळेने त्यांना काहीच मदत न करता वर्गात नुसतं बसवून ठेवलं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७४ मध्ये कोर्टाने सांगितलं की न समजणाऱ्या भाषेत बसवणं म्हणजे शिक्षण नाही, शाळेला मदत करावीच लागेल. आज तुमच्या मुलासमोर तो फॉर्म आहे तो त्यामुळे.

मराठी लिहिलं की लगेच ईएसएल असं होत नाही. आधी एक छोटी टेस्ट होते, कॅलिफोर्नियात तिला एल्पॅक म्हणतात, न्यू जर्सी आणि इलिनॉयसारख्या बऱ्याच राज्यांत विडा (WIDA) नावाच्या संस्थेची असते. इंग्रजी पुरेसं असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर तुम्हाला लेखी कळवतात, आणि वेगळी तुकडी नको असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता, तो पालकांचा हक्क आहे, फक्त वर्षाची टेस्ट मात्र पास होईपर्यंत द्यावी लागते. पण नाही म्हणायची घाई करू नका. एलिमेंटरीत बऱ्याच ठिकाणी ईएसएल म्हणजे दिवसातला थोडा वेळ पाचसहा मुलांच्या गटात एक शिक्षिका, जी तुमच्या मुलाशी हळू बोलते, चित्रं दाखवते, त्याला चुकू देते. पंचवीस मुलांच्या वर्गात तोंड न उघडणारं मूल तिथे पहिल्यांदा बोलतं. यात मागे पडण्यासारखं काय आहे?

खोटं इंग्लिश लिहिलंत तर ही मदत मागताना तुम्हालाच अवघड जाईल. आणि तुमचं मराठी ही पुढे जमेची बाजू ठरू शकते. जवळजवळ सगळ्या राज्यांत आता सील ऑफ बायलिटरसी आहे, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून सुरुवात केली, दोन भाषा चांगल्या येत असल्या तर हायस्कूलच्या डिप्लोमावर तशी नोंद मिळते. मराठीतही परीक्षा देता येते, तुमचं डिस्ट्रिक्ट ती धरतं का ते विचारून ठेवा.

प्रश्न: डॅलसजवळ राहतो. मुलीचा वाढदिवस १४ सप्टेंबर. ५ पूर्ण होतायत तरी किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्गाला) घेत नाहीत. १३ दिवसांसाठी वर्ष वाया?

उत्तर: टेक्ससमध्ये १ सप्टेंबरला ५ पूर्ण हवेत, यात डिस्ट्रिक्टच्या हातात फारसं काही नाही, भांडू नका. पण प्री-के, म्हणजे किंडरगार्टनच्याही आधीच्या वर्गाबद्दल विचारलंत का? टेक्ससमध्ये ४ वर्षांच्या मुलाला इंग्रजी बोलता-समजता येत नसेल तर सरकारी प्री-के फुकट मिळू शकतं, उत्पन्न कितीही असो. म्हणजे वरच्या प्रश्नातला तोच भाषेचा फॉर्म. उद्याच फोन करा. आणि वर्ष वाया वगैरे काही नाही हो, वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी असण्यात काही तोटा नसतो.

प्रश्न: मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, बोलणं कमी आहे, वर्गात एकटा बसतो. टीचर म्हणाल्या इव्हॅल्युएशन करून घ्या. सासूबाई म्हणतात मुलं उशिरा बोलतात, आणि मिस्टरांना भीती वाटते की एकदा शिक्का बसला की कॉलेजपर्यंत राहील. नातेवाईक म्हणतात दोन भाषांमुळे होतंय, मराठी बंद करा. मी रोज रडते.

उत्तर: तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी मनातून एक काढून टाका, मराठीमुळे हे झालेलं नाही. दोन भाषा ऐकल्याने बोलण्याची अडचण निर्माण होत नाही. मराठी बंद केलीत तर मुलाशी मोकळं बोलणारी माणसंच घरात कमी होतील, तेव्हा अंगाई, गोष्टी, भांडणं सगळं मराठीत चालू ठेवा.

आता हक्काचं. अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे, आज त्याला आयडिया (IDEA) म्हणतात, त्यानुसार ३ ते २१ वयाच्या ज्या मुलाला अडचणीमुळे खास शिक्षणाची गरज आहे त्याला ते फुकट मिळायला हवं आणि ते देणं डिस्ट्रिक्टचं काम आहे. उपकार नाही. तोंडी बोलण्यावर थांबू नका, प्रिन्सिपल आणि स्पेशल एज्युकेशन ऑफिस दोघांना आजच मेल करा. साध्या दोन ओळी पुरे: माझ्या मुलाच्या बोलण्याबद्दल आणि मिसळण्याबद्दल काळजी वाटते, मी त्याच्या स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण इव्हॅल्युएशनची विनंती करते. तारीख घाला, कॉपी ठेवा. यानंतर त्यांनी एकतर तुमची लेखी संमती मागायची किंवा का करणार नाही हे कारणांसकट लेखी द्यायचं. संमती दिल्यापासून केंद्राच्या नियमाने ६० दिवसांत इव्हॅल्युएशन पूर्ण करायचं असतं, काही राज्यांची मुदत वेगळी आहे. तपासणी जमेल तिथे मुलाच्या भाषेतही व्हायला हवी, हे त्याच मेलमध्ये लिहा, आणि मीटिंगला दुभाषा हवा असेल तर तोही मागा.

मदतीला पात्र ठरला तर आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी खास आखलेली लेखी शिक्षण-योजना बनते. त्या टेबलावर सहासात जण बसतील, टीचर, स्पीच थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, डिस्ट्रिक्टचा माणूस, आणि भराभर इंग्रजीत बोलतील. घाबरू नका, कायद्याने तुम्ही त्या टीमचा भाग आहात. थांबवून विचारा की आठवड्यात किती मिनिटं स्पीच थेरपी, एकट्याला की गटात, प्रगती कशी मोजणार आणि मला कधी सांगणार. मिनिटं कागदावर नसतील तर ती मिळणार नाहीत असंच समजा. तिथल्या तिथे सही करायची सक्ती नसते, घरी आणा, वाचा, दोन दिवसांनी उत्तर द्या. त्यांची तपासणी पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून डिस्ट्रिक्टच्या खर्चाने तपासणी मागता येते. आयईपीला पात्र नाही असं म्हणाले तरी ५०४ प्लॅन विचारा, तो १९७३ च्या दुसऱ्या कायद्याखाली येतो आणि वर्गातल्या सोयी त्यातून मिळू शकतात.

मिस्टरांच्या भीतीबद्दल. शाळेची कागदपत्रं गोपनीय असतात, त्यासाठीही १९७४ पासून वेगळा कायदा आहे, आणि कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) आयईपी लिहिलेली नसते. गरज संपली की मूल त्यातून बाहेरही पडतं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना एवढंच सांगा की तपासणीत काही निघालं नाही तर आपण सुटलो, निघालं तर लहानपणीच मदत मिळाली. त्यांना मुलाजवळ बसवा, त्याच्याशी मराठीत खेळू द्या, तिथे त्यांचा फार उपयोग आहे.

आणि रडू येतं तेव्हा रडा पण एकट्या नका राहू. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या पालकांचा गट असतो, तिथे जा.

प्रश्न: माझी आई सहा महिन्यांसाठी आलीय. ती नातवाला बसस्टॉपवरून आणू शकते का?

उत्तर: हो, पण शाळेच्या पिकअप यादीत तिचं नाव आधी घाला आणि तिला फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा. किंडरगार्टनचं मूल ओळखीचा मोठा माणूस दिसल्याशिवाय बसमधून उतरवायचं नाही असा नियम खूप ठिकाणी असतो, आई स्टॉपवर दोन मिनिटं उशिरा पोचली तर बस मुलाला परत शाळेत घेऊन जाते आणि दोघं घाबरतात. ती पाच मिनिटं आधी जाऊन थांबली की झालं.

प्रश्न: शिकागोच्या उपनगरात राहतो, मी एच-४ वर (जोडीदाराच्या वर्क व्हिसावरच्या डिपेंडंट व्हिसावर) आहे, घर भाड्याचं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळांच्या हद्दी बदलायचा विचार चाललाय, आमची सोसायटी लांबच्या शाळेला जाईल म्हणतात. आम्ही टॅक्स भरत नाही, मतदार नाही, मग आम्ही बोर्डासमोर काय तोंडाने बोलणार?

उत्तर: टॅक्स तुम्ही भरता. घरमालक प्रॉपर्टी टॅक्स भरतो तो तुमच्या भाड्यातूनच. आणि समजा नसतात भरत, तरी तुमच्या मुलांचा शाळेवरचा हक्क टॅक्सवर किंवा व्हिसावर नाही. टेक्ससने कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळेत घ्यायला नकार दिला होता, तेव्हा १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इमिग्रेशनच्या कारणावरून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही. तुम्ही तर रीतसर व्हिसावर आहात.

मतदानाचं मात्र नीट ऐका. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला जवळजवळ सगळीकडे नागरिकत्व लागतं, इलिनॉयमध्ये लागतंच. लायब्ररीत किंवा ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात कुणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर नम्रपणे नाही म्हणा, चुकून सही झाली तर पुढे ग्रीन कार्डला भयंकर अडचण होते. पीटीएत (पालक-शिक्षक संघात) मात्र मेंबर व्हा, मत द्या, पद घ्या, तिथे नागरिकत्व विचारत नाहीत.

आणि बोर्डासमोर बोलायला मतदार असावं लागत नाही. इलिनॉयमध्ये बोर्डावर सहसा सात जण असतात, निवडून आलेले, बिनपगारी, संध्याकाळी ऑफिस संपवून येऊन बसतात, तुमच्यासारखेच त्याच गावातले पालक. मीटिंग सगळ्यांना खुली असते, अजेंडा किमान ४८ तास आधी लावावा लागतो, आणि लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. माणशी साधारण तीन मिनिटं मिळतात. नाव कधी आणि कसं द्यायचं ते अजेंड्यावरच असतं.

तीन मिनिटांत आमच्यावर अन्याय होतोय एवढंच बोलू नका, त्याने काही हलत नाही. लिहून न्या. तुमच्या सोसायटीतून नव्या शाळेला बसने किती मिनिटं, जुन्या शाळेला किती, सध्या किती मुलं चालत जातात, वाटेत कुठला मोठा रस्ता ओलांडावा लागेल. चारपाच घरांनी वेगवेगळे मुद्दे वाटून घ्या म्हणजे एकच वाक्य पाच वेळा ऐकू येणार नाही, आणि जे बोलायला लाजतात त्यांनी बोर्डाला मेल करावा. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, कागद बघून वाचलंत तरी चालेल. हद्दीचा निर्णय सहसा एका मीटिंगमध्ये होत नाही, आधी कमिटी बसते, नकाशाचे दोनतीन पर्याय येतात, लोकांची मतं घेतात, मग मतदान. म्हणून शेवटच्या मीटिंगची वाट बघू नका, तेव्हा सगळं ठरलेलं असतं. कमिटीत पालक घेतायत का ते याच आठवड्यात विचारा, आणि घेत असतील तर तुम्ही स्वतः नाव द्या.